पाच नंबरचं गार्ड

गवत कापायची मशीन दुकानात आली की बिल्कीस आधी ओढणी नाकावरून घट्ट बांधून घ्यायची आणि मगच हात लावायची. लोकांना वाटायचं, पेट्रोलच्या वासासाठी बांधते. पेट्रोलचं तिला काहीच नव्हतं, त्या वासातच ती लहानाची मोठी झाली होती. तिला शिसारी यायची ती मशीनच्या खालच्या टोकाची. जिथं नायलॉनची दोरी फिरते त्या चकतीभोवती काय काय गुंडाळून आलेलं असायचं. गाजरगवताचा कुजका चोथा, लहान पोरांच्या डायपरचा फुगलेला कापूस, गुटख्याच्या पुड्या, गोगलगायींचा चिकटा, एकदा तर सरड्याचा अर्धा देह. माणसानं दिवसभर मशीन राबवावी आणि संध्याकाळी तिला साधं एक फडकं मारू नये, हे तिला उष्ट्या ताटात परत वाढून घेण्यासारखं वाटायचं.

बार्शीटाकळीच्या स्टँडवरून अकोल्याकडे निघालं की नालीपलीकडे टिनाचं एक दुकान लागायचं. ते हुसेन मिस्त्रींचं, बिल्कीसच्या वडलांचं. पूर्वी ते तिथं ऑइल इंजिनं आणि फवारणीचे पंप दुरुस्त करायचे. चार वर्षांपूर्वी त्यांचे हात थरथरायला लागले आणि बोल्टवर पाना ठरेना. तेव्हापासून बिल्कीस बसायला लागली. तिच्या नवऱ्यानं भिवंडीत दुसरा संसार थाटला होता आणि ती मुलीला, तुबाला, घेऊन माहेरी परत आली होती. बाईमाणूस रस्त्यावर बसून इंजिन खोलते म्हणून गावानं महिनाभर नावं ठेवली. मग पेरण्या झाल्या, तण वाढलं, आणि नावं ठेवणाऱ्यांनीच आपापल्या मशिनी तिच्यापुढं आणून टाकल्या. हुसेन मिस्त्री खुर्चीवर बसून नुसतं ऐकायचे. इंजिनाचा आवाज ऐकूनच सांगायचे की हवा कुठं चोरते आहे आणि कार्बोरेटरमध्ये कचरा आहे का पाणी.

मशीन उघडली की माणूस उघडा पडतो, हे त्यांनीच बिल्कीसला शिकवलं होतं. तेल न घालता कोरं पेट्रोल ओतणाऱ्याचा पिस्टन ओरबाडल्यासारखा दिसायचा. एअर फिल्टर कधीच न धुणाऱ्याच्या मशीनमध्ये बोटभर मातीचा थर निघायचा. एकानं प्लगची टोपी तुटली म्हणून तिला च्युइंगगम लावून आणलं होतं, चघळलेलं. आणि एवढं करून हे लोक मशीन फरशीवर आपटून म्हणायचे की मालच डुप्लिकेट निघाला. बिल्कीस उत्तर द्यायची नाही. च्युइंगगम चिमट्यानं काढायची.

खुशालराव ठेकेदार मात्र असा आपटणारा माणूस नव्हता. पांढरा शर्ट, गोड बोलणं, हुसेन मिस्त्रींना चाचा म्हणणं, ईदला न चुकता घरी येऊन शीरखुर्मा खाणं. गावापुढच्या माळावर सोलरचा मोठा प्लांट झाला आणि त्यातलं गवत कापायचा ठेका त्याला मिळाला. मशिनी कोणत्या घ्याव्यात हे विचारायला तो आदल्या उन्हाळ्यात बिल्कीसकडेच आला होता. तिनं त्याला बसवून नीट समजावलं. तिथं सगळीकडे काचेच्या प्लेटा आणि जमिनीत मुरुम, तेव्हा लोखंडी पातं अजिबात नको, नायलॉनची दोरीच हवी. पात्यानं दगड उडाला तर प्लेट फुटेल, त्याच्याही आधी माणसाचा पाय फुटेल. आठ मजूर आठ हातांनी पेट्रोलमध्ये तेल कालवणार, म्हणजे कोणी जास्त घालेल, कोणी विसरेल; त्यापेक्षा तेल वेगळं असणारी फोरस्ट्रोक घ्या. अकोल्यात जिचे पार्ट मिळतात तीच घ्या. खांद्याचा पट्टा, डोळ्याचा चष्मा आणि खालचं गार्ड पाहून घ्या. खुशालरावानं मान डोलवत सगळं मोबाइलमध्ये लिहून घेतलं.

पुढच्या आठवड्यात तो आठ पिवळ्या मशिनी घेऊन आला. कंपनीचं नाव नाही, पट्टे सुतळीसारखे, टू-स्ट्रोक, आणि प्रत्येकीबरोबर तीन दात्यांचं लोखंडी पातं. "पातं फ्री भेटलं, बिल्कीसबाई," तो हसत म्हणाला. तिनं एक मशीन चालू करायचा दोरा ओढून पाहिला. आतून आलेला आवाज हुसेन मिस्त्रींनी खुर्चीवरून ऐकला आणि तोंड फिरवलं.

तरी तिनं काम घेतलं. ब्रशनं मशिनींवर एक ते आठ नंबर घातले, मजुरांना तेल मोजायच्या बाटल्या दिल्या. पावसाळा लागला. गवत कंबरेला आलं. ओलं गवत गार्डाखाली दाटून बसायचं आणि मजुरांना दर दहा मिनिटांनी थांबून ते खरवडावं लागायचं. मशीनच्या टोकापाशी, फिरणाऱ्या पात्याच्या आणि माणसाच्या मध्ये जी प्लास्टिकची ढाल असते, ते हे गार्ड. खुशालरावाला ते थांबणं खपेना. त्यानं आठही गार्डं काढून खताच्या पोत्यात भरली आणि बिल्कीसच्या दुकानात आणून ठेवली. साइटवर हरवतील, म्हणाला. बिल्कीसनं ती खरवडून, धुऊन परत पोत्यात ठेवली. मग नायलॉन लवकर झिजते म्हणून त्यानं पाती चढवली. कंपनीचे साहेब यायचे असले की दोरी, ते गेले की पातं.

बिल्कीसनं एकदा टोकलं. दुसऱ्यांदा टोकलं. तिसऱ्यांदा ती बोलली नाही. बोलायला जीभ का उचलेना, हे तिला ठाऊक होतं. दुकान रस्त्याच्या हद्दीत होतं. दोन वर्षांपूर्वी अतिक्रमण काढायला गाडी आली तेव्हा आजूबाजूच्या टपऱ्या उचलल्या गेल्या आणि खुशालरावाच्या एका फोनवर हे दुकान राहिलं. त्यानं ते कधी बोलून दाखवलं नाही, आणि म्हणूनच ते जास्त जड होतं. मशिनी यायच्या, ती ओढणी बांधायची, चोथा खरवडायची, प्लग बदलायची, पात्याचा नट आवळायची. गार्डाचं पोतं भिंतीशी पडलेलं असायचं.

भाद्रपदात ती दोन दिवस अमरावतीला गेली. तुबा तिथं परीक्षेचे क्लास करायची. तिच्या होस्टेलच्या खिडकीखाली खानावळीच्या उष्ट्याचा ढीग साचायचा आणि पोरीला सारख्या उलट्या व्हायच्या. बिल्कीसनं तिला दुसऱ्या खोलीत हलवलं, गादी झोडपली, फिनेलनं फरशी दोनदा पुसली आणि बुधवारी दुपारी ती बार्शीटाकळीला उतरली.

टेबलावर पाच नंबरची मशीन होती. तिला गार्ड होतं.

ती पिशवी हातात घेऊन तशीच पाहत राहिली. गार्ड मातीनं आणि जळक्या तेलानं माखलेलं होतं, पण फक्त बाहेरून. आत, जिथं पहिल्या दिवसापासूनच हिरवा चोथा थापला जातो, तिथं ते नव्या ताटासारखं स्वच्छ होतं. खालचं पातं गायब होतं आणि त्याच्या जागी कोरी नायलॉनची चकती बसवली होती. हुसेन मिस्त्री खुर्चीत डोळे मिटून बसले होते. त्यांना झोप लागलेली नव्हती, हे तिला लगेच कळलं.

तिनं ओढणी बांधली आणि चकतीचा नट सोडवला. चकतीखालच्या वाटीत गवताचा गोळा अडकला होता. तो तिनं स्क्रू-ड्रायव्हरनं उपसला. गवताबरोबर करड्या कापडाची चिंधी निघाली, पॅन्टच्या पायाकडची, शिवणीसकट, वाळून कडक आणि काळी झालेली. चिंधीला केस चिकटलेले होते. दोन दिवस उन्हात टिनाखाली राहिलेला तो वास ओढणीतून आत आला. आजवर तिनं मशिनींतून नाना तऱ्हेची घाण काढली होती. ही घाण नव्हे, हे हाताला आधी कळलं. हातातलं सगळं टाकून ती दारासमोरच्या नालीवर गेली आणि अमरावतीच्या स्टँडवर प्यालेला चहासुद्धा तिच्या पोटात राहिला नाही.

तोंड धुऊन ती आत आली. घरात बापलेक उर्दूत बोलायचे, पण दुकानात दोघांची जीभ आपोआप वऱ्हाडीवर यायची.

"कोनाचा पाय हाय, अब्बा?"

हुसेन मिस्त्रींनी डोळे उघडले. "देवमनचा. सोमवारी सकाळी."

मग त्यांनी हळूहळू सांगितलं. देवमन पाच नंबर चालवायचा. कुंपणाजवळच्या गवतात लोखंडी खुंटी होती, पातं तिला लागलं आणि मशीन उसळून उलटी फिरली ती त्याच्या नडगीत. त्याला अकोल्याला नेलं. सोमवारीच दुपारी खुशालराव पातं काढून, चकती बसवून मशीन घेऊन आला आणि एवढं गार्ड लावून द्या म्हणाला. गुरुवारी कंपनीचा साहेब मशीन पाहायला येणार होता.

"अन् गार्डाले मातीत कोनं लोळवलं?"

त्यांनी डोळे परत मिटले.

"तुमी लोळवलं," ती म्हणाली.

"त्यानं आपलं दुकान राखलं, बेटा. अन् गार्ड लावल्यानं, न लावल्यानं देवमनचा पाय का परत येनार हाय?"

बिल्कीसनं त्यांच्या हातांकडे पाहिलं. ते गुडघ्यावर ठेवलेले असूनही हलत होते. या हातांना चहाची बशी धरवायची नाही, भाकरीचा तुकडा तोंडापर्यंत जाताना अर्धा सांडायचा. आणि त्याच हातांनी दोन बोल्ट सरळ बसवले होते, आवळले होते, वर जळकं तेल बोटानं फासलं होतं. किती वेळ लागला असेल, किती नेट लावला असेल. आपल्या बापाविषयी असं काही आपल्या पोटात येईल, हे तिला कधी वाटलं नव्हतं. तिनं त्यांना पाणी दिलं, पण पेला त्यांच्या हातात न देता स्टुलावर ठेवला.

त्याच दुपारी ती अकोल्याला गेली.

सरकारी दवाखान्यात वॉर्डच्या दाराशी देवमनची बायको पंचफुला बसली होती. देवमन आत गुंगीत होता. पायात सळई टाकली होती आणि पाय राहील की जाईल, हे डॉक्टर आठ दिवसांनी सांगणार होते. वॉर्डात ड्रेसिंगचा आणि डेटॉलचा वास होता. पंचफुला रडत नव्हती. ती चिडलेली होती आणि चिडीनंच ताठ बसली होती. खुशालराव सगळीकडे सांगत फिरत होता की देवमन पिऊन आला होता आणि त्यानंच मशीनशी वेडेपणा केला.

"घेते तो. मी खोटं कायले सांगू," पंचफुला म्हणाली. "पन सांजीले घेते. सकाळी आठ वाजता कोनी घेते का, ताई?"

मग तिनं बिल्कीसकडे वळून सरळ विचारलं. "त्या मशीनीले ढाल नव्हती न? ढालीसाठी तो तुमच्याकडं आलता की नाई, शुक्रवारी?"

बिल्कीसला तोवर ते आठवलं नव्हतं. आता आठवलं. शुक्रवारी, दुपारच्या जेवणाच्या सुटीत, देवमन आला होता. दारातच उभा राहिला, कारण त्याच्या पायांना चिखल होता. ताई, माह्या मशीनीचं गार्ड द्या, मी खरवडत जाईन पाहिजे तर, खडे लई लागून राहिले पायाले, असं काहीसं म्हणाला. ती तेव्हा एका पंपाचा वॉशर शोधत होती. तिनं मान वर न करता सांगितलं की मालकाला फोन करायला सांग, मग देते. तो बरं म्हणाला आणि गेला. पोतं त्याच्यापासून चार पावलांवर होतं.

"आलता," ती म्हणाली.

पंचफुलानं पदर सारखा करून तोंड दुसरीकडे केलं. परतीच्या बसमध्ये बिल्कीसला आपल्याच हातांचा वास येत राहिला. साबणानं दोनदा धुतले होते तरी.

गुरुवारी सकाळी दहाला खुशालराव कंपनीच्या साहेबाला घेऊन दुकानात आला. साहेब तरुण होता, बाहेरगावचा, पायात जाड बूट, गळ्यात ओळखपत्र. अपघात टाळायचे, हेच त्याचं काम होतं. खुशालरावानं हसत हुसेन मिस्त्रींना सलाम केला आणि मशीनकडे हात दाखवला. हे पाहा, गार्ड जसंच्या तसं आहे, साहेब. साहेबानं मोबाइलवर फोटो काढायला सुरुवात केली.

"थांबा," बिल्कीस म्हणाली. तिनं पाना घेतला आणि दोन बोल्ट सोडवून गार्ड खाली ओढलं. ज्या ठिकाणी गार्डाची पकड मशीनच्या लांब नळीला आवळलेली होती, तिथं नळीभोवती वाळक्या गवताचा हिरवा-काळा थर गोल चढलेला होता, पकडीखाली चेपलेला. तिनं तो नखानं खरवडून साहेबाच्या पुढं धरला. तीन महिने इथं गार्ड असतं तर पकडीखाली गवत कुठून गेलं असतं, हे तिनं विचारलं. मग तिनं वाटीतली चिंधी दाखवली, जी तिनं कागदात बांधून ठेवली होती. साहेब दोन पावलं मागं सरला आणि नाकाला रुमाल लावला. शेवटी तिनं भिंतीजवळचं पोतं उचलून फरशीवर उलटं केलं. सात गार्डं खडखडत बाहेर पडली, सगळी धुऊन ठेवलेली.

"आठवं हे," ती म्हणाली. "देवमन शुक्रवारी मागाले आलता. म्या नाई देल्लं."

खुशालराव हसायचा थांबला नाही, फक्त हसणं थोडं बारीक झालं. बाईंना दोन दिवस बाहेरगावी असल्यानं काही माहीत नाही, तो साहेबाला सांगायला लागला. पण साहेबानं मध्येच विचारलं की मग हे गार्ड आता कोणी लावलं.

बिल्कीसनं हातातलं गार्ड टेबलावर ठेवलं. तेवढ्यात खुर्ची सरकल्याचा आवाज झाला आणि हुसेन मिस्त्री उभे राहिले. टेबलाला धरून उभे राहिले.

"म्या लावलं. यायनं सांगतलं म्हनून लावलं. माती बी म्याच लावली."

एवढं ऐकून साहेबानं काहीतरी करावं, असं बिल्कीसला वाटलं होतं. त्यानं मोबाइल खिशात ठेवला, बुटानं एक गार्ड बाजूला सारलं आणि जरा विचार करून अगदी शांतपणे म्हणाला, "आपण असं लिहू, की गार्ड मेन्टेनन्ससाठी मेकॅनिककडे होतं आणि ऑपरेटरनं परवानगी न घेता मशीन वापरली." आणि तो खुशालरावाकडे पाहून किंचित मान हलवून बाहेर पडला. त्याला बाहेरची हवा हवी होती, हे त्याच्या चालण्यावरून दिसत होतं.

बिल्कीसला तेव्हा कळलं की खुशालराव निदान लबाडी करताना घाबरत तरी होता. या पोराला त्यात काही वाटलंच नव्हतं. जसा फिल्टर झटकतात, तशी त्यानं जबाबदारी झटकली होती.

जाताना खुशालराव दारात थांबला. "बिल्कीसबाई, हे बरं नाई केलं तुमी," तो हळू आवाजात म्हणाला आणि चप्पल घालून गाडीत बसला. मशीन न्यायलाही विसरला.

ती मशीन तिनं दिली नाही. शुक्रवारी ती पंचफुलाला घेऊन अकोल्याच्या कामगार कार्यालयात गेली. पंचफुलानं केलेल्या तक्रारीला तिनं आपला जबाब जोडला. तो तिनं तिथल्याच बाकावर बसून स्वतःच्या हातानं लिहिला. कोणती मशीन घ्यायला सांगितली होती आणि कोणती आणली, पाती कधी चढली, गार्डं कधी काढली, पोतं कुठं होतं, सगळं. देवमन मागायला आला होता, हेही लिहिलं. का दिलं नाही, तिथं पेन अडलं. मालकाची वस्तू म्हणून, असं तिनं आधी लिहिलं आणि खोडलं. मग लिहिलं, कामात होते आणि उठून पोतं सोडायचा कंटाळा केला.

पंचफुलाला वाचता येत नव्हतं म्हणून बिल्कीसनं जबाब मोठ्यानं वाचून दाखवला. शेवटच्या ओळीवर बाजूच्या टेबलावरचा कारकूनही मान वर करून पाहायला लागला. हे लिहायची गरज नाही, म्हणाला, यानं तुमच्यावरच येईल.

बिल्कीसनं पंचफुलाकडे पाहिलं.

"राहू द्या," पंचफुला म्हणाली. "खरं हाय ते."

तिच्या आवाजात माफी नव्हती. बिल्कीसला तेच बरं वाटलं. माफ केलं असतं तर ती त्या बाकावरून उठू शकली नसती.

पुढं व्हायचं ते झालं. देवमनचा पाय राहिला, पण घोटा वळेनासा झाला. चालताना तो पाय फेकत चालतो. चौकशी झाली, मशीन जप्त झाली, मशीनबरोबर आठही गार्डं गेली. कंपनीला देवमनचा दवाखाना आणि भरपाई द्यावी लागली, ती किती आणि केव्हा यावर पुष्कळ घासाघीस झाली आणि अजून थोडी राहिली आहे. साहेबाची बदली झाली, दुसऱ्या प्लांटवर, त्याच कामावर. खुशालरावाचा ठेका गेला आणि महिन्याभरात त्याच्या साळ्याच्या नावानं परत आला. त्याच्या नव्या मशिनी मात्र नावाच्या कंपनीच्या होत्या, गार्डासकट. त्या दुरुस्तीला अकोल्याला जाऊ लागल्या.

दिवाळीच्या सुमारास दुकानाला नोटीस आली. या वेळी फोन करायला कोणी नव्हतं. बिल्कीसनं टिनं उतरवली आणि घराच्या पुढच्या ओसरीत टेबल मांडलं. ओसरी गल्लीत असल्यानं अर्धी गिऱ्हाइकं आलीच नाहीत. जी यायची त्यांच्यातल्याही कोणी बिनगार्डाची मशीन आणली, तर ती दोरा ओढून पाहायचीसुद्धा नाही. आधी गार्ड आणा, म्हणायची. काही जण तिच्या तोंडावर हसले आणि मशीन परत घेऊन गेले. काहींनी शोधून आणलं. एकानं पाण्याच्या ड्रमचं प्लास्टिक कापून, भोकं पाडून, नट-बोल्टानं जुळवून आणलं होतं. ते ओबडधोबड होतं पण पक्कं होतं. त्या माणसाची मशीन तिनं बाकी सगळं काम बाजूला ठेवून केली.

बापाशी ती बोलायची, पण कामापुरतं. जेवायला वाढायची, औषध द्यायची. हुसेन मिस्त्रींनी ते समजून घेतलं होतं की काय, कोण जाणे. ते ओसरीत बसून इंजिनांचे आवाज ऐकायचे, पण काय बिघडलं आहे हे आता आपणहून सांगायचे नाहीत. तिनं विचारलं तरच सांगायचे.

मार्चमध्ये ईद आली. तुबा अमरावतीहून आली होती. दुपारी पाहुणे येऊन गेले आणि ओसरी जरा रिकामी झाली, तेवढ्यात पांढरा शर्ट घातलेला खुशालराव दारात उभा राहिला. हातात मिठाईचा डबा. जसा दर ईदला यायचा, तसाच. ईद मुबारक चाचा, म्हणत तो आत आला, हुसेन मिस्त्रींच्या गळ्यात पडला, नेहमीच्या खुर्चीवर बसला. तुबा केवढी मोठी झाली, म्हणाला. ओसरीत काम टाकलं ते बरं केलं, सावली आहे, म्हणाला. मागचं काही झालंच नव्हतं. कुठलीही गोष्ट त्याच्या अंगाला चिकटतच नव्हती, आणि याचीच बिल्कीसला सगळ्यात जास्त किळस आली.

आतून तुबा शीरखुर्म्याची वाटी भरून घेऊन आली. बिल्कीसनं ती दारातच तिच्या हातातून घेतली.

"खुशालराव," ती म्हणाली, "तुमाले या घरात मी वाढनार नाई."

तो हसला. "सनाच्या दिवशी, बिल्कीसबाई?"

"सनाच्या दिवशीच."

खुशालरावानं हुसेन मिस्त्रींकडे पाहिलं. वयानं मोठा माणूस, घराचा मालक, तो काय ते सांगेल, असं त्याच्या पाहण्यात होतं. ईदला दारात आलेल्याला उपाशी पाठवणं हुसेन मिस्त्रींच्या घराण्यात कधी झालेलं नव्हतं. त्यांचे ओठ हलले. मग त्यांनी हात टेकून स्वतःला उठवलं, स्टुलावरचा मिठाईचा डबा दोन्ही हातांत घेतला आणि तो थरथरत, जवळजवळ सांडत, खुशालरावापुढं धरला.

"हे घेऊन जा," ते म्हणाले. "उन्हाचं खराब होईन."

खुशालराव उठला. डबा घेतला. पायरी उतरताना त्यानं रुमालानं हात पुसले आणि गल्लीच्या टोकाशी लावलेल्या गाडीकडे चालत गेला, कोणी पाहत नाही ना हे बघत.

बिल्कीस वाटी घेऊन तशीच उभी होती. तुबानं विचारलं की आता याचं काय करायचं. बिल्कीसनं वाटी हुसेन मिस्त्रींच्या पुढं ठेवली. मग तिनं स्टूल ओढलं, त्यांच्याशेजारी बसली आणि चमचा त्यांच्या हातात दिला. तो हातात ठरेना तेव्हा खालून आपला हात लावला.